बाईकची मीटर केबल दोनदा तुटली, तिसऱ्यांदा घरीच बसवली: ९० ची केबल, १७० ची केबल आणि मीटर गिअर सेटचा अनुभव

आधी काय काय घेतलं ते सांगून टाकतो, रामायण नंतर. लोकल मीटर केबल (पुढच्या चाकापासून स्पीडोमीटरपर्यंत जाते ती) ९० रुपये, कंपनी पॅकमधली मीटर केबल १७०, पुढच्या चाकातला मीटर गिअर सेट ९५, ऑइल सील ३०, ग्रीसची छोटी डबी ४५ आणि शिलाई मशीनचं तेल, ते आईच्या मशीनच्या खणात होतंच. यातली ९० वाली केबल सोडली तर बाकी सगळ्याचे पैसे वसूल. मेकॅनिकने अख्खं मीटर बदलायचे मजुरी धरून १४५० सांगितले होते, आणि खरं सांगायचं तर मी ते देऊनही टाकले असते, अण्णा म्हणजे वडील आडवे आले म्हणून वाचले.

गाडी शंभर सीसीची, पुढे ड्रम ब्रेक, स्पोकची चाकं, २०१० च्या दसऱ्याला अण्णांनी घेतलेली. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण पंधरा वर्षं इमानदारीने चाललेल्या गाडीला दोष देण्यात काही अर्थ नाही, आणि या वर्गातल्या केबलवाल्या सगळ्याच गाड्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. ज्यांच्याकडे डिजिटल मीटर आहे त्यांना यातलं फारसं काही उपयोगी नाही, तिथे केबलच नसते, सेन्सर असतो आणि वायर असते, ते दुखणं वेगळं.

तर झालं असं की गेल्या उन्हाळ्यापासून काटा नाचायला लागला. चाळीसच्या स्पीडला गाडी सरळ चाललीये आणि काटा तीस ते पन्नासमध्ये झोके घेतोय, वर हँडलपाशी टिक टिक टिक असा बारीक आवाज. मी सहा महिने दुर्लक्ष केलं. आता कुणाला मीटर लागतं, मोबाईलवर स्पीड दिसतं, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चाळीसच्या वर जातीये कुठे. मग एक दिवस काटा शून्यावर जो झोपला तो उठलाच नाही आणि किलोमीटर पडायचेही बंद झाले, ७१,८४६ वर आकडा गोठला.

माझं काही अडलं नाही, अण्णांचं अडलं. त्यांची खिशातली डायरी आहे, प्रत्येक वेळी पेट्रोल टाकलं की तारीख, लिटर, रुपये आणि मीटरचा आकडा. २०१० पासून एकही एन्ट्री चुकलेली नाही, आता चार डायऱ्या झाल्यात. आकडा गोठल्यावर त्या रकान्यात ते नुसती रेघ मारायला लागले आणि प्रत्येक रेघेमागे मला एक टोमणा. "ॲव्हरेज काय अंदाजाने काढू का? ऑइल कधी बदलायचं, तुझ्या मोबाईलला विचारू?" मुद्दा बरोबरच होता म्हणा, ऑइल, चेन, एअर फिल्टर सगळं किलोमीटरवर असतं, आकडाच नाही तर सगळी सर्व्हिसिंग रामभरोसे. शिवाय पंधरा वर्षं भरत आल्याने पासिंगला गाडी न्यायची होती आणि स्पीडोमीटर ही काही हौसेची वस्तू नाही, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नियम ११७ खास त्यासाठीच आहे.

मेकॅनिककडे गेलो. आमच्या कोपऱ्यावरचाच आहे, नाव कशाला घेऊ, इंजिनच्या कामात हात चांगला आहे त्याचा. "केबल गेली दादा," म्हणाला, दहा मिनिटात नवीन टाकून दिली, अडीचशे रुपये. पाच आठवडे चालली. परत गेलो, परत तेच, परत अडीचशे, ही तीन आठवड्यात तुटली. तिसऱ्यांदा गेल्यावर तो म्हणाला आता मीटरच गेलंय, नवीन टाकू, १४५०. मी हो म्हणणार होतो. घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, "नवीन मीटर शून्यापासून चालू होणार ना? मग एकाहत्तर हजार किलोमीटर काय भंगारात द्यायचे?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पुढे कधी गाडी विकायला काढली तर पंधरा वर्षांच्या गाडीवर शंभर-दोनशे किलोमीटर बघून कुठलाही गिऱ्हाईक आधी हसेल आणि मग भाव पाडेल, कारण मीटर केबल काढून गाडी पळवायची आणि कमी किलोमीटर दाखवून विकायची ही आपल्याकडची जुनीच युक्ती आहे, सेकंडहँड बाजारात त्यामुळे मीटरवर तसाही कुणाचा विश्वास नसतो.

म्हणून म्हटलं आधी समजून घेऊ की हे चालतं कसं. आणि खरं सांगतो, इतकी साधी वस्तू आहे की आपण पंधरा वर्षं ती न उघडता बसलो याचीच लाज वाटली. पुढच्या चाकाच्या हबला ब्रेक प्लेट असते ना, जिच्यात लायनर म्हणजे ब्रेक मारल्यावर घासणाऱ्या पट्ट्या असतात, तिच्याच आत एक पांढरा प्लास्टिकचा गिअर असतो, तो चाकाबरोबर फिरतो. त्याला आडवा एक छोटा पिनियन म्हणजे बारीक दातेरी गिअर लागलेला असतो. पिनियनच्या टोकात केबलची आतली तार घुसते, तार फिरत फिरत वर मीटरपर्यंत जाते. मीटरमध्ये ती तार एक लोहचुंबक फिरवते, चुंबकावर ॲल्युमिनियमची एक वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण चुंबक फिरला की वाटीत करंट तयार होतो आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. वाटीला घड्याळात असते तशी केसासारखी स्प्रिंग लावलेली असते, ती वाटीला मागे धरून ठेवते, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो तुमचा स्पीड. ओट्टो शुल्झे नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि सव्वाशे वर्षांनी आमच्या पार्किंगमधल्या गाडीत तेच चालू आहे. किलोमीटरच्या आकड्यांना मात्र चुंबक वगैरे काही नाही, तिथे सरळ दात्यात दाते.

हे कळलं की अर्धं निदान बसल्या जागी होतं. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील तर दुखणं मीटरच्या खाली, म्हणजे केबल नाहीतर चाकातला गिअर. किलोमीटर पडतायत पण काटा मेलाय, तर मीटरमधली वाटी-स्प्रिंग. काटा चालतो पण आकडे हलत नाहीत, तर मीटरमधला प्लास्टिकचा बारीक गिअर. काटा नाचतोय तर केबल कोरडी पडलीये नाहीतर कुठेतरी दुमडलीये. आणि काटा वरच अडकून बसतोय, खाली यायला तयार नाही, तर कुणीतरी केबलमध्ये भरमसाठ ग्रीस कोंबलंय आणि ते चढत चढत मीटरमध्ये गेलंय.

माझ्याकडे दोन्ही बंद, म्हणजे केबल. इथपर्यंत मेकॅनिकचं बरोबरच होतं. पण दोन महिन्यात दोन केबली तुटतायत म्हणजे केबल नुसती मरत नाहीये, कुणीतरी तिला मारतंय. हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि मीही विचारला नाही. एवढ्या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहितोय खरंतर.

रविवारी सकाळी मीटरच्या खालची केबलची चकती हाताने सोडवली, पक्कड लागली थोडी. तुटलेल्या तारेचं वरचं टोक चौकोनी दाबलेलं असतं, ते बाहेर ओढून बोटभर तुकडा कापला आणि तोच चावीसारखा मीटरच्या भोकात घालून चिमटीत फिरवून बघितला. हे अगदी अलगद फिरायला पाहिजे, कागदी भिरभिरं फिरतं तसं. माझं फिरेना. जोर लावला तर गंजलेल्या नळासारखं कर्र करून पाव गरका आणि परत घट्ट. सापडला खुनी! मीटरच्या तोंडाशी एक छोटी बुश म्हणजे आतला दांडा ज्यात फिरतो ती नळी असते, तिच्यातलं पंधरा वर्षांपूर्वीचं ग्रीस वाळून खडा झालं होतं. चाक खालून फिरवतंय, मीटर वरून फिरू देत नाहीये, मधल्या मध्ये केबल पिळवटून तुटतीये. ओल्या फडक्याचं एक टोक धरून ठेवा आणि दुसरं पिळत रहा, तसं.

जरा हिशोब सांगतो म्हणजे केबलवर काय बेतत असेल ते कळेल. पुढचा टायर २.७५-१८, त्याचा घेर साधारण पावणेदोन-दोन मीटरच्या मधला, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सव्वापाचशे-साडेपाचशे गरके. साठच्या स्पीडला सेकंदाला नऊ. चाक एवढं पळतंय आणि केबल अडकलेल्या बुशशी झगडतेय, पाच आठवडे टिकली हेच जास्त.

आता दुकानांचं. पहिली केबल मी घाईत घराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणली, ९० रुपये, प्लास्टिकच्या पिशवीत, वर ना पार्ट नंबर ना एमआरपी. दुकानदाराने नाव विचारलं गाडीचं आणि मागून न बघता काढून दिली, "सगळ्याला एकच बसते." घरी आणून जुनीच्या शेजारी ठेवली तर अडीच-तीन इंच लांब. आतल्या तारेचं चौकोनी टोक जरासं बारीक, पिनियनमध्ये घातलं तर खुळखुळतंय. बाहेरचं काळं आवरण इतकं कडक की हँडलखालच्या वळणावर गोल न वळता कोपरा पडतो. लांब केबल कुठेतरी मुरडून बसवावी लागते आणि मुरडलेली केबल म्हणजे परत तोच नाचणारा काटा. परत द्यायला गेलो तर "इलेक्ट्रिकल आणि केबल रिटर्न नाही दादा." केबल इलेक्ट्रिकलमध्ये कधीपासून गेली ते त्याचं त्यालाच माहीत. या दुकानाला एक स्टार, तोही दुकान रविवारी उघडं होतं म्हणून.

मग सोमवारी हाफ डे टाकून नाना पेठ गाठली. पुण्यात टू-व्हीलरच्या पार्टसाठी शेवटी तिथेच जावं लागतं, पार्किंगला जागा नाही, एकाला एक लागून दुकानं, फुटपाथवर टायर आणि मडगार्डचे ढीग, पण माल मिळतो. गेलो त्या दुकानाचं नाव लिहित नाही, एवढंच सांगतो की गल्लीत आतल्या बाजूला आहे, काउंटर तीन फुटाचं आणि मागे छतापर्यंत डबे. काउंटरवर साठीचे काका होते, चष्मा कपाळावर. मी म्हटलं मीटर केबल द्या. त्यांनी केबल काढलीच नाही, आधी विचारलं, "जुना पीस आणलाय का?" मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तुटलेलं टोक उजेडात धरलं, तार उसवलेल्या सुतळीसारखी फुलली होती. "किती दिवस टिकली?" म्हटलं तीन आठवडे. "मग केबल नेऊन काय करणार? मीटर जाम असेल तुमचं, आणि खालचा गिअरही खाल्ला असेल. प्लेट उघडलीय का?"

नव्हती उघडली. काका म्हणाले सेट घेऊन जा, गिअर चांगला निघाला तर न वापरता परत आणा, पैसे देतो. त्यांनी केबल जुनीला लावून मोजली, दोन्ही टोकं पिनियनमध्ये घालून दाखवली, खोक्यावरचा पार्ट नंबर आणि होलोग्राम दाखवला, कारण म्हणे खोकी पण डुप्लिकेट येतात, शिक्का बघा फक्त छपाई बघू नका. गिअर, पिनियन आणि वॉशर मिळून ९५. ऑइल सील त्यांनीच आठवण करून दिली, "प्लेट उघडणारच आहात तर तीस रुपयाचं सील टाकून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन पुढच्या वर्षी परत याल, माझं काय, मला चालेल." मागे दोन मेकॅनिक पोरं उभी होती तरी दहा मिनिटं दिली मला, एकूण बिल ३४० ग्रीस धरून. यूपीआय चालतं, बिल मागितलं तर मिळतं, पाणी मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मला दोन रविवार लागले, काम येणाऱ्याला दोन तास. आधी मीटर. पुढचा व्हायझर काढला, मागचे दोन नट सोडवले, बल्बचे होल्डर नुसते ओढले की निघतात (कुठला कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा, मी नाही काढला आणि इंडिकेटरच्या जागी न्यूट्रलचा दिवा लागला). मीटर उलटं धरलं, म्हणजे केबलचं भोक वर आलं, आणि त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. तारेच्या तुकड्याने हळूहळू पुढे मागे, परत पंधरा मिनिटं थांबायचं, परत पुढे मागे. तिसऱ्या थेंबानंतर संध्याकाळी फिरायला लागलं, रात्रभर तसंच उलटं ठेवलं जुन्या पेपरवर, सकाळी बोटाने भिरभिर. इथे घाई करून स्प्रेने फवारू नका, जास्तीचं तेल आत वाटीपर्यंत गेलं की काटा चिकटतो आणि मग खरंच १४५० चा खर्च.

चेक कसं केलं तर तोच तारेचा तुकडा ड्रिल मशीनमध्ये पकडला आणि अगदी हळू फिरवलं. पहिल्यांदा काटा शून्याच्या खाली जाऊन अडला, माझ्या पोटात गोळा, म्हटलं गेलं. मग लक्षात आलं ड्रिल उलटं फिरतंय. दिशा बदलली आणि काटा सुळकन वीस, तीस, पस्तीस, एकदम स्थिर, आणि लाल रंगाचा शंभर मीटरचा आकडा सरकायला लागला. अण्णांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि म्हणाले, "बंद कर ते, फुकटचे किलोमीटर पडतायत." डायरीवाला माणूस, काय बोलणार.

दुसऱ्या रविवारी चाक. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहतं. ब्रेकची केबल सोडवली, मीटर केबल प्लेटमधून काढली, एक्सलचा नट काढून एक्सल ओढला, चाक हातात. ब्रेक प्लेट अशीच अलग होते. आतली लायनरची काळी धूळ तोंडाने फुंकू नका, ती छातीत जायची वस्तू नाही, मी ओल्या फडक्याने पुसली. आणि गिअर बघितला तर काकांचं म्हणणं अक्षरशः खरं, पांढऱ्या गिअरचे दाते एका बाजूने म्हाताऱ्या कंगव्यासारखे झिजलेले. म्हणजे नुसती चांगली केबल टाकली असती तरी काही दिवसांनी परत बोंब.

जुनं ग्रीस रॉकेल नाही म्हणून डिझेलमध्ये फडकं भिजवून पुसलं, नवीन पिनियन, वॉशर, नवीन गिअर, बोटाने पातळ ग्रीस. ग्रीसचा हात लायनरला लागता कामा नये, लागला तर ब्रेक लागणार नाही, सरळ हिशोब आहे. जुनं सील पेचकसने उचकटलं, नवीन सपाट लाकडाने ठोकून बसवलं.

आणि इथे मी चुकलो ते नीट वाचा. गिअरला फिरवणारे पत्र्याचे दोन कान असतात, ते हबमधल्या दोन खाचांत बसायला पाहिजेत तरच चाक गिअरला फिरवणार. मी प्लेट नुसती दाबून बसवली, एक्सल घातला आणि नट आवळायला लागलो, शेवटी शेवटी चाक जड झालं. मूर्खपणा असा की मला वाटलं नवीन सील आहे म्हणून जड असेल आणि अजून अर्धा आटा दिला. मग शहाणपण सुचलं, परत सगळं खोललं तर एक कान वाकलेला. पक्कडीने सरळ केला, चालला, पण अजून एक आटा दिला असता तर ९५ रुपये पाण्यात. प्लेट बसवताना हलक्या हाताने डावीकडे उजवीकडे फिरवत बसवायची, कान खाचेत पडले की टक्क करून ती आत जाते, ते कळतं.

त्याहून महत्त्वाचं, प्लेटला बाहेरून एक खाच असते ती पुढच्या फोर्कवरच्या उंचवट्यात अडकली पाहिजे. ती प्लेटला धरून ठेवते. ती न अडकवता गाडी काढली आणि ब्रेक मारला तर प्लेटच चाकाबरोबर फिरेल, मग मीटर राहू दे बाजूला, तुम्हीच राहणार नाही. हे दोनदा बघा. ज्यांना यावर भरवसा नाही वाटत त्यांनी वरचं मीटर आणि केबल घरी करावं आणि चाकाचं काम मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

केबल नवीन असली तरी आत कोरडीच निघाली. आतली तार बाहेर ओढून खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीसचा हलका हात, वरचा वीतभर भाग कोराच ठेवायचा, तार फिरता फिरता ग्रीस स्वतःच वर चढतं. मग केबल जुन्याच वाटेने, फोर्कवरच्या तारेच्या कडीतून घेतली, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघितलं की कुठे ताणतीये का, मुरडतीये का. वरची चकती आवळण्याआधी चाक हाताने फिरवलं, तार वर फिरताना दिसली, मग मीटरला जोडली. शेवटी ब्रेक केबलचा प्ले म्हणजे सैलपणा सेट केला आणि पार्किंगमध्येच पाच-सहा वेळा ब्रेक मारून बघितला.

पहिली राइड सोसायटीच्या गेटपर्यंत, काटा वीसवर गुळगुळीत. सोलापूर रोडला काढली, टिक टिक नाही, नाच नाही. मीटर पन्नास दाखवतं तेव्हा मोबाईल सत्तेचाळीस म्हणतो, त्याची काळजी करू नका, कंपन्या मीटर थोडं पुढेच ठेवतात, खऱ्यापेक्षा कमी दाखवलं तर पंचाईत असते. टायरचा साइज बदललात तर मात्र हे गणित बदलणार, मित्राने दिसायला बरा म्हणून पुढे जाड टायर टाकलाय आणि म्हणतो माझं मीटर एकदम मोबाईलशी जुळतं, त्याला वाटतं ते मीटरचं कौतुक आहे.

किलोमीटरची परीक्षा अण्णांनी घेतली. मागे बसले आणि हायवेच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नजर ठेवून यवतच्या दिशेने दहा दगड मोजले, मीटरवर दहाला थोडेसे जास्त पडले. "बरं आहे," एवढंच म्हणाले, पण घरी येऊन डायरी काढली आणि बंद काळातले किलोमीटर मोबाईलवरच्या माझ्या रोजच्या ऑफिसच्या अंतरावरून काढून पेन्सिलने लिहिले, खाली "अंदाजे" लिहून दोन रेघा. पेनाने लिहायला तयार नाहीत.

तेव्हापासून अकराशे किलोमीटर झाले, त्यात गौरी-गणपतीला गावी जाऊन आलो, एका संध्याकाळी पावसात पूर्ण भिजलीही गाडी, मीटरच्या काचेवर दुसऱ्या दिवशी थोडी वाफ धरली ती उन्हात गेली. पासिंग झालं, साहेबांनी मीटरकडे ढुंकूनही बघितलं नाही, हॉर्न आणि लाइट बघितले फक्त. आमची सगळी मेहनत तिथे वाया.

स्टार द्यायचे तर १७० च्या केबलला साडेचार, अर्धा कापला तो नव्या केबलमध्ये थेंबभर ग्रीस न घालता विकतात म्हणून. गिअर सेटला चार, दाते चांगले आहेत पण सोबतचा एक वॉशर जुन्यापेक्षा पातळ वाटला, मी जुनाच साफ करून घातला. नाना पेठच्या काकांना पाच, आणि सेट परत आणला तर पैसे देतो म्हणाले होते त्याचा आणखी एक मनातल्या मनात. मेकॅनिकला काही देत नाही, त्याच्याशी अजून इंजिनचं काम आहे.

राहता राहिली ९० वाली केबल. ती आईने मागून घेतली. आतली तार ओढून काढली आणि मोरीच्या जाळीतून खाली सोडून फिरवली, दोन महिने तुंबलेलं पाणी पाच मिनिटात गेलं. तिथे ती एक नंबर चालते, लांबीही बरोबर आहे.